स्वतःच्या मापाचे विमान

स्वतःच्या हौसेसाठी एखादे लहानसे विमान आपणच आखावे असे ज्याच्या मनात येते, तो मनुष्य बहुधा कागद पुढे ओढून प्रथम पंखांचा डौल रेखाटू लागतो. हे स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनी या विद्येत उमेदीची वर्षे घालवली त्या जाणत्यांचा सल्ला असा की पहिल्या कागदावर रेषा ओढू नयेत, मजकूर लिहावा. विमानात नित्य किती माणसे बसणार, ते कोणत्या मैदानावरून उठणार, एका दमात किती पल्ला गाठणार, सामान किती नेणार, रात्री कोणत्या छपराखाली उभे राहणार आणि वर्षाकाठी इंधनावर किती खर्च करण्याची मालकाची ऐपत आहे, हा सारा तपशील आधी लेखी उतरला पाहिजे, कारण पुढची प्रत्येक रेषा याच मजकुराबरहुकूम ओढली जाते. आणि नेमका येथेच मनुष्य स्वतःला फसवतो. वर्षातील बहुतेक उड्डाणे ज्याला एकट्याने करावयाची असतात तो कुटुंबातील सर्वांची सोय म्हणून चार आसने मांडतो. जो क्वचितच दूर जाणार असतो तो हजार मैलांच्या टाक्या योजतो. स्वतःसाठी घर बांधणाऱ्याने एखादी खोली अधिक काढली तर तिचा बोजा त्याच्या खिशावर पडतो, घराच्या पायावर नव्हे. विमानात मात्र न वापरलेल्या आसनाचे वजन प्रत्येक उड्डाणात, प्रत्येक मिनिटाला, उचलावेच लागते.

हा पहिला कागद प्रामाणिकपणे लिहिला गेला की त्यातून काय निष्पन्न होते, याचे माझ्या मते सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांचे आहे. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या अभियंत्याला घरच्या शेतातील आखूड गवताळ पट्टीवरूनच उडावयाचे होते, आणि तरीही एकदा वर गेल्यावर संथपणे रेंगाळण्याची त्याची इच्छा नव्हती. वेगवान विमानाला लांब धावपट्टी लागते आणि आखूड पट्टीवर उतरणारे विमान मंदगती असते, असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. त्यांनी 'स्टिट्स प्लेबॉय' जातीचे एक लहान विमान घेतले, आणि 1965 साली त्याला नवा अॅल्युमिनियमचा पंख व उतरताना खाली झुकणाऱ्या झडपा, म्हणजे फ्लॅप, बसवले. त्या फेरफारातून मिळालेल्या धड्यावर 1971 साली 'आरव्ही-3' हे एकआसनी विमान उभे राहिले, पुढे दोन आसनांची, चार आसनांची भावंडे आली, आणि आज या घराण्यातील दहा हजारांहून अधिक विमाने सामान्य माणसांनी आपापल्या गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकून बांधली व उडवली आहेत. एका माणसाची अडचण त्याने इतक्या नेमकेपणाने मांडली होती, की ती हजारोंची अडचण आहे हे आपोआप उघड झाले.

आता त्या मजकुराचे आकड्यांत रूपांतर कसे होते ते पाहू. वाचकांनी येथे बिचकू नये, कारण हे गणित शाळेतील त्रैराशिकाहून फार पुढचे नाही. समजा, दोन माणसांचे विमान हवे आहे. माणसे 165 किलो, सामान 20 किलो, 80 लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे 58 किलो, आणि रिकामे विमान इंजिनासह 355 किलो धरले तर बेरीज 600 किलोच्या आसपास येते. अमेरिकेने 2004 साली हलक्या क्रीडाविमानांचा जो वर्ग निर्माण केला त्याची कमाल मर्यादाही एवढीच होती. पंख हवेतून जाताना जी उचल निर्माण करतो ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग कमी होऊ लागला की वैमानिकाला पंखाचे तोंड अधिकाधिक वर करून ती उचल टिकवावी लागते. एका मर्यादेनंतर मात्र पंखावरून सरकणारा हवेचा थर पाठीवरून सुटतो, उचल एकाएकी कोसळते, आणि वैमानिक ज्याला स्टॉल म्हणतात ती अवस्था येते. हा किमान वेग ताशी 83 किलोमीटरपेक्षा अधिक नसावा असे ठरवले, तर फ्लॅप नसलेल्या साध्या पंखाचे क्षेत्रफळ 13 चौरस मीटरच्या आत-बाहेर धरावे लागते, आणि बरे फ्लॅप लावले तर दहांवर भागते. मोठा पंख उतरताना दयाळू असतो, पण प्रवासात तो हवेला अडतो आणि वाऱ्याच्या झोताने हेलकावतो. लहान पंख प्रवासात सुखाचा, पण इंजिन बंद पडून एखाद्या शेतात उतरण्याची पाळी आली तर जमिनीवर अधिक वेगाने आदळणारा. यांपैकी कोणते सुख सोडावयाचे याचे उत्तर गणित देत नाही, ते पहिल्या कागदाकडे परत जाऊन शोधावे लागते.

नवशिक्या आराखडाकाराला सर्वांत मोठा मोह होतो तो अधिक शक्तीच्या इंजिनाचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाने, त्यामुळे वेग एक चतुर्थांशाने वाढवावयाचा तर अश्वशक्ती जवळजवळ दुप्पट करावी लागते. दुप्पट शक्तीचे इंजिन जड, त्याला इंधन अधिक, अधिक इंधनाला मोठी टाकी, टाकीला बळकट पंख, बळकट पंखाला पुन्हा वजन. आणि आखून ठेवलेला किमान वेग पाहता पाहता हातचा जातो. म्हणूनच ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे 80 किंवा 100 अश्वशक्तीचे सुमारे 60 किलोंचे 912 इंजिन जगभरच्या दोनआसनी विमानांत एवढे रुजले.

परंतु केवळ गरजांवरून विमान आखले जाते असे मानणे अपुरे होईल. मनुष्याला ज्याची भीती वाटते तेही त्याच्या आराखड्यात उतरते, आणि या दृष्टीने आँरी मिन्ये या फ्रेंच गृहस्थाची हकीकत मला फार बोलकी वाटते. मिन्ये हा हौशी मनुष्य होता. नेहमीच्या विमानात हाताने दांडी आणि पायाने पावडी एकाच वेळी सांभाळून वळण घेणे त्याला नीट साधत नसे, आणि सामान्य माणसाला हवाई विहारापासून दूर ठेवणारी अडचण हीच आहे अशी त्याची खात्री झाली. तेव्हा त्याने पंखांच्या टोकांची एलरॉन नावाची सुकाणूपाने काढूनच टाकली; एकामागे एक असे दोन पंख ठेवले; पुढचा पंख बिजागरीवर फिरता केला, आणि सारा कारभार एका दांडीवर आणला. 1933 च्या सप्टेंबरात हे इवलेसे विमान उडाले, पुढच्या वर्षी त्याने ते कसे बांधावे याचे पुस्तक काढले, आणि फ्रान्स व इंग्लंडमधील असंख्य तरुणांनी लाकूड, कापड व मोटारसायकलींची इंजिने जमवून आपापल्या अंगणांत 'आकाशातला पिसू' बांधावयास घेतला. विमानोड्डाण ही श्रीमंतांची मिरास आहे हा समज ज्या थोड्या लोकांनी मोडला त्यांत मिन्येचे नाव आदराने घेतले पाहिजे.

पण त्या विमानात एक घातक दोष दडलेला होता. पिसूने तोंड फार खाली घातले की दोन पंखांमधील फटीतून जाणारा प्रवाह असा काही बिघडत असे, की दांडी कितीही मागे ओढली तरी पुढच्या पंखाचा जोर तोंड वर आणण्यास पुरेसा पडत नसे, मागचा पंख शेपटी उचलून धरीत असे, आणि विमान सरळ जमिनीत जात असे. माणसे मेली. 1936 साली फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे प्रचंड वातबोगद्यांत संपूर्ण विमान ठेवून परीक्षा झाली तेव्हा कारण उघडकीस आले, परवाने थांबले, आणि मिन्येने आराखड्यात दुरुस्त्या केल्या तरी ती लाट परत आली नाही. मिन्येची भीती खरी होती आणि तिच्यावरचा त्याचा उपायही बुद्धिमान होता; केवळ ज्या कोनात तो स्वतः कधी गेला नाही त्या कोनाची परीक्षा झालेली नव्हती. हौशी माणसाने आखलेल्या विमानाची तपासणी परक्या व निष्ठुर डोळ्यांनी व्हावी असा जो आग्रह बहुतेक देशांतील हवाई खाती धरतात, त्याला ही पार्श्वभूमी आहे, आणि तो आग्रह मला पूर्णपणे न्याय्य वाटतो.

चाळीस वर्षांनी विमान हाताबाहेर जाण्याची हीच भीती दुसऱ्या एका माणसाने अधिक पक्क्या पायावर हाताळली. बर्ट रुटान हे अमेरिकन हवाईदलाच्या एडवर्ड्स तळावर परीक्षण अभियंता होते, आणि लढाऊ विमाने स्टॉल होऊन गरगरत खाली येतात तेव्हा काय घडते याचा अभ्यास हेच त्यांचे काम होते. त्यांनी शेपटीचा लहान पंख उचलून नाकाशी आणला. तो मुख्य पंखाच्या आधी स्टॉल व्हावा अशी कोनांची योजना केली, म्हणजे वैमानिकाने दांडी कितीही ओढली तरी पुढचा पंख आधी हार मानतो, नाक आपोआप खाली येते, वेग वाढतो आणि मुख्य पंख अबाधित राहतो. 1975 सालचे 'व्हॅरीईझी' आणि 1979 सालचे 'लाँग-ईझी' ही या विचाराची अपत्ये. त्यांची बांधणीही कारागिरीच्या दृष्टीने मोठी मनोहर आहे: फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे पत्र्याचे नमुने ठोकतात, त्यांवर आकडे मांडलेले असतात, दोन माणसे धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेली तापलेली तार दोन्ही बाजूंनी धरतात, आणि एकाने "वीस", "एकवीस" असा पुकारा करताच दुसरा त्याच आकड्यावर येऊन पोचलेला असावा अशा बेताने तार फोममधून सरकवीत नेतात. उरलेल्या गाभ्यावर काचतंतूंचे कापड अंथरून रेझिन चोपडले की महागड्या साच्यांवाचून गुळगुळीत पंख तयार होतो. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने 1980 च्या दशकात याच लाँग-ईझीच्या आधारे एक संशोधन विमान बांधून उडवले, आणि काचतंतूंच्या बांधणीचा तेथे मिळालेला हात 1993 साली उडालेल्या 'हंसा' या दोनआसनी विमानाच्या कामी आला.

याच लाँग-ईझीच्या एका प्रतीची गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. 12 ऑक्टोबर 1997 रोजी प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरावर आपल्या विमानासह कोसळून मृत्यू पावले. विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. बांधले होते दुसऱ्याच एका हौशी माणसाने. या विमानात डाव्या-उजव्या दोन टाक्या असून इंजिन एका वेळी एकीतूनच पेट्रोल घेते, आणि टाकी बदलण्याची चावी रुटान यांच्या नकाशात वैमानिकाच्या समोर, हाताशी, ठेवलेली आहे. बांधणाऱ्याला बैठकीतून पेट्रोलच्या नळ्या नेणे धोक्याचे वाटले, म्हणून त्याने ती चावी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या भिंतीत नेऊन बसवली. आता दांडी उजव्या हाताला, चावी डाव्या खांद्यामागे. ती फिरवावयाची तर दांडी सोडून, सबंध धड वळवून, उजवा हात मागे न्यावा लागणार, आणि असे वळताना उजवा पाय नकळत पावडीवर रेटला जाणार. पावडीपर्यंत पाय पोचावा म्हणून डेन्व्हर यांच्या पाठीशी एक जादा उशी होती. टाकीतील इंधन दाखवणाऱ्या काचा मागच्या आसनाजवळ, आणि त्यांवर मापाच्या खुणाही नव्हत्या. चावी हाताला नीट येत नाही ही गोष्ट उड्डाणापूर्वी बोलली गेली होती, मागचे दिसावे म्हणून त्यांना एक आरसाही देण्यात आला होता. आपण फार वेळ उडणार नाही असे सांगून त्यांनी पेट्रोल भरून घेतले नाही. जमिनीपासून सुमारे दीडशे मीटरांवर इंजिन अडखळले. तपास मंडळाने जो निष्कर्ष काढला त्यात चावीची ही बदललेली जागा ठळकपणे नमूद आहे.

स्टॉल न होणारा जो पंख एका प्रतिभावंताने वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून सिद्ध केला, तो येथे असहाय ठरला. म्हणून विमानाच्या आखणीत पंखाच्या छेदाला जेवढे महत्त्व तेवढेच हाताच्या पोचेला दिले पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. जाणते लोक धातूला हात लावण्यापूर्वी प्लायवूडची खोटी बैठक उभारतात, तीत पट्टे आवळून बसतात, डोळे मिटून प्रत्येक चावी चाचपतात, आणि मग आपल्याहून बुटक्या व आपल्याहून उंच अशा दोघांना बसवून तेच करावयास लावतात. कारण विमान स्वतःच्या मापाचे असले तरी ते एक दिवस दुसऱ्याच्या हाती जाणार असते.

बळकटीचे शास्त्र त्या मानाने सरळ आहे. साठ अंश कलून घेतलेल्या समतल वळणात पंखावर विमानाच्या दुप्पट वजनाचा भार येतो, वाऱ्याचे धक्के व वैमानिकाची घाई यांची भर पडते, म्हणून सामान्य वर्गाच्या विमानाला वजनाच्या 3.8 पट भार कायमची वाकडी न होता सोसता आला पाहिजे, आणि त्याच्या दीडपट भाराला मोडता कामा नये, असा दंडक आहे. आपल्या 600 किलोंच्या विमानाला हे आकडे 2280 आणि 3420 किलो असे येतात. परीक्षेसाठी पंख उलटा करून मांडतात व त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात, धडाजवळ अधिक आणि टोकाकडे कमी, जशी हवेची उचल पसरलेली असते तशी. टोक किती झुकले याची प्रत्येक थरानंतर नोंद होते, आणि वजन उतरवल्यावर ते मूळ जागी परत आले की नाही हे पाहिले जाते.

याहून नाजूक प्रश्न तोलाचा आहे. विमान पूर्ण झाले की त्याची तीन चाके तीन काट्यांवर चढवतात, पाणसळ लावून धड समतल करतात, पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने रेघ मारतात, आणि त्या रेघेपासून प्रत्येक चाकाचे अंतर मोजून गुरुत्वमध्य काढतात. तो पंखाच्या रुंदीच्या ठराविक पट्ट्यातच असावा लागतो, आणि 1.2 मीटर रुंदीच्या पंखात हा पट्टा बहुधा वीतभरही नसतो. मध्य फार पुढे गेला तर उतरताना नाक वर येत नाही. फार मागे गेला तर विमान चंचल होते, आणि एकदा गरगरू लागल्यावर त्यातून सुटणे दुरापास्त होऊन बसते. त्या वीतभर जागेत एकटा सडपातळ वैमानिक, दोन स्थूल प्रवासी, भरलेली टाकी, रिकामी टाकी, मागे ठेवलेली वळकटी अशा सर्व शक्यता बसल्या पाहिजेत.

आपल्या देशात या विद्येची परंपरा नाही असे म्हणण्याची रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्यासारख्या वायुगतिशास्त्राच्या आद्य आचार्याच्या हाताखाली अध्ययन केले, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले 'एचटी-2' हे शिकाऊ विमान 5 ऑगस्ट 1951 रोजी उडाले. 1958 साली त्यांच्याच चमूने फ्लाइंग क्लबांसाठी 'पुष्पक' सिद्ध केले: 90 अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी-शेजारी दोन आसने, पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड. त्यात दिपवणारे काही नव्हते. क्लबाच्या कारागिराला दुरुस्त करता येईल आणि शिकाऊ मुलाच्या चुका पोटात घालील असे विमान हवे, हा त्याचा पहिला कागद होता, आणि कित्येक पिढ्यांच्या वैमानिकांनी त्यावरच आपले पहिले धडे गिरवले.

खाजगी माणसाची वाट मात्र आपल्याकडे खडतर राहिली. अमेरिकेत 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे हौशी बांधणाऱ्यांची संघटना उभी केली, आणि निम्म्याहून अधिक काम जर मालकाने शिकण्यासाठी वा विरंगुळ्यासाठी स्वतः केले असेल तर त्या विमानाला प्रायोगिक वर्गात दाखला मिळावा, अशी मुभा तेथील कायद्याने ठेवली. आमच्याकडे अशा अर्जदाराचा कागद कोणत्या टेबलावर जावा हेच पुष्कळदा ठरलेले नसे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते क्रेनने खाली उतरवून 2016 च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडले गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने कौतुक केले, परंतु नोंदणी मिळावयास 2017 चा नोव्हेंबर उजाडला, उड्डाणाची परवानगी 2019 च्या ऑक्टोबरात आली, आणि धुळ्याच्या धावपट्टीवर ते जमिनीवरून उठले 2020 साली. 1934 चा विमान कायदा जाऊन 2025 च्या आरंभी भारतीय वायुयान अधिनियम अमलात आला आणि त्यात विमानाच्या आराखड्यावरील नियमनाचाही स्पष्ट अंतर्भाव झाला. आता हौशी आराखडाकारासाठी सुटसुटीत नियमावली, तपासणीस पात्र अनुभवी अभियंत्यांची यादी, आणि वस्तीपासून दूर असलेली एखादी धावपट्टी परीक्षण उड्डाणांसाठी राखून ठेवण्याची तजवीज, एवढे तरी सरकारने करावे.

अशा धावपट्टीचे प्रयोजन पहिल्या उड्डाणापुरते नसते. अमेरिकेत नव्या विमानाला सामान्यतः 25 किंवा 40 तास ठराविक हद्दीत, प्रवाशाविना, उडवावे लागते, आणि खरे आराखडाकार तो काळ शिक्षा म्हणून काढीत नाहीत. पहिल्या दिवशी ते केवळ एक फेरी मारून इंजिनाचे तापमान पाहतात. मग उंचावर जाऊन फ्लॅपसह व फ्लॅपविना किमान वेग मोजतात. मग मागच्या बाजूला वाळूच्या पिशव्या एकेक करून वाढवीत गुरुत्वमध्य मागे सरकवतात, आणि प्रत्येक टप्प्यावर दांडी किती हलकी झाली ते टिपतात. हिशेबात 83 आलेला किमान वेग प्रत्यक्षात 88 भरला, तर वहीत 88 लिहिला जातो, वेगमापकाच्या काचेवरची खूण तेथे सरकते, आणि उतरण्याचा वेगही त्या प्रमाणात वाढवून घेतला जातो.